वालांची तहान

माझं तोंड फटकळ हाय, हे सगळ्या कळंब गावाला ठाऊक हाय. तवा सुनेला मी छळलं असंल असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पण माझं आणि सुंदराचं जे काय झालं ते वालांवरून झालं, आणि ते मीच नीट सांगू शकते, कारण वाल माझे होते.

माझे म्हणजे माझ्या आईचे. माझं माहेर कर्जतकडच्या कोंडाण्याचं, डोंगराच्या पायथ्याला. आई गेली, बाप गेला, भाऊ मुंबईला गिरणीत गेला तो तिकडचाच झाला. घर पडलं, जमीन दुसऱ्यानं घेतली. राहिलं काय, तर लग्नात आईनं माझ्या पदरात बांधलेलं कडव्या वालाचं बी. बारीक, तांबूस दाणा. त्याचं बिरडं शिजायला लागलं की शेजारणी विस्तव मागायच्या निमित्तानं दारात यायच्या. दर वरसाला मी ते पेरायची, आणि त्यातलंच बी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची. बायका माहेरी जातात, मी मडक्यात हात घालायची.

बहात्तरच्या पावसात आमचं घर गळलं. आमच्या नामाच्या बापाला मी चैत्रापासून सांगत होते, कौलं चाळून घ्या, कौलं चाळून घ्या. त्यांचं आपलं "बघू गं". घरभर जागा सोडून धार लागली ती नेमकी माळ्यावरच्या त्या मडक्यावर. अश्विनात झाकण काढलं तर आत सगळं कुजून काळं झालेलं. एका कडेला ओंजळभर बी धड राहिलं होतं. मी त्यांना काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाय. एवढं खरं, की ती ओंजळ त्या वरसाला आली नसती तर माझ्या आईचं म्हणून या जगात काही उरलं नसतं.

आता हेच आमचे गृहस्थ कार्तिकात चाकणच्या बाजाराला बैल आणायला गेले आणि सून ठरवून आले. घाटावर दुष्काळ पडला होता. लोक जनावरं मिळंल त्या भावाला सोडत होते. शिरूरच्या पलीकडचा एक माणूस बैलाच्या गळ्यात पडून रडत होता, त्याच्याशी बोलणं झालं, नातं निघालं, आणि त्याची लगनाची लेक हाय असं कळलं. तुळशीचं लगीन झालं त्याच आठवड्यात सुंदरा आमच्या घरात आली. बैल आणि सून एकाच गावची. दोघांच्याही फासळ्या मोजता आल्या असत्या.

बैलाचं बघा. मी म्हटलं, बिचारा उपाशी जीव, घाला त्याला ओलं गवत पोटभर. तर हे माझ्यावर खेकसले. "मारायचाय काय त्याला? रिकाम्या पोटात एकदम हिरवं गेलं तर फुगून मरंल तो." पहिल्यांदा नुसता पेंढा, तोही मूठमूठ. मग पेज. मग जरा कोंडा. हळूहळू त्याला रवंथ करायची आठवण आली, आणि मग तो जो खायला लागला तो मान वर करीना. पौष लागेस्तोवर त्याच्या पाठीवर हात फिरवला तर हाताला मांस लागायचं.

सुंदराचं मात्र उलटं. दोन घास खायची आणि ताटावरून उठायची. मला वाटलं, हिला भात जात नाय, भाकरीच्या मुलखातली पोर. मी तांदळाची भाकरी केली. कर्जतच्या बाजारातनं ज्वारी आणवली, थापता येत नवती तरी थापली. तिनं त्यातला चतकोर खाल्ला आणि म्हणली, "पोट भरलं, आत्याबाई." असा राग आला मला. अन्नाला नाव ठेवलेलं मला खपत नाय, आणि ही तर नावही ठेवीना. कामाला म्हणाल तर वाघीण. पहाटे उठायची, पाणी भरायची, झाडलोट करायची, बोलायची नाय.

शेवटी नामाला धरलं. नामा खोपोलीच्या कारखान्यात पाळीवर जायचा, घरात निम्मा वेळ झोपलेला. त्याला म्हटलं, "बायको तुझी हाय ना रं? विचार तिला, काय दुखतंय खुपतंय." दुसऱ्या दिवशी तो चुलीपाशी येऊन म्हणला, "आई, तिची आई तिकडं दुष्काळी कामावर खडी फोडते. सरकारी सुकडी आणि लाल मिलो ज्वारी खाऊन राहतात सगळी. हिच्या घशाखाली उतरत नाय."

मी तिच्यापुढं जाऊन म्हटलं, "तू उपाशी राहिलीस म्हणजे तिच्या पोटात जातं होय?" ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. मी तांदळाचं एक पोतं नामाबरोबर घाटावर धाडलं. तो पोचवून आला. तरी हिचे दोन घास ते दोनच.

आता वालांकडं येते.

आमच्याकडं वालाला पाणी देत नायत. भात कापलं की खाचरातली ओल सुकायच्या आत बी टोकायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. खाली पावसाळ्याची ओल असते, रातचं दंव पडतं, तेवढ्यावर वाल येतात. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, म्हणूनच ते सुनेला सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नाय. श्वास घे गं बाई, असं कोणी कुणाला सांगतं का?

माझी ती ओंजळ मी ओढ्याकाठच्या लहान खाचरात टोकली होती. चांगलं उगवलं. मार्गशीर्षात तर असं वाढलं की येणारंजाणारं थांबून बघायचं. काळंभोर पान, तळहाताएवढं. माझी जाऊ गोदूबाई, तिचं खाचर बांधापलीकडंच, ती नाक मुरडून म्हणली, "काय गं अंबे, शेण घातलंस की मंत्र घातलास?" मी म्हटलं, "माझ्या आईचा हात हाय त्याच्यावर." खरंच तसं वाटायचं मला. दृष्ट लागू नये म्हणून मी बांधावर काळं मडकंसुद्धा उपडं घातलं.

पौष आला. गोदूबाईचे वाल वीतभर, पिवळट, रोड. पण त्यांना फुलं लागली. पांढरी, मधनं जांभळट. माझ्या वालांना पानावर पान, पानावर पान, आणि फूल एक नाय. मी रोज जायची, शेंडे उलगडून बघायची. कळी नाय. गोदूबाई आता काही बोलायची नाय, नुसती खोकायची, आणि तिच्या खोकण्यानं माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

एका पहाटे झोप लागंना म्हणून उठले ती सरळ खाचरात गेले. बघते तर ओढ्यातनं सुंदरा वर येतेय, काखेत कळशी. बांधावरनं उतरली, वाकली, आणि एकेका बुंध्याशी ओंजळीनं पाणी सोडायला लागली. लेकराला पाजावं तशी. अर्धं खाचर ओलं झालेलं. रोजचं काम होतं ते तिचं, पाणी भरायच्या वेळेला.

"अगं बये," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

ती दचकली, पण पळाली नाय. "वाळत हुती, आत्याबाई. दुपारी माना टाकत हुती."

"दुपारी सगळेच माना टाकतात! मी पण टाकते! सांजेला उचलतात परत. तुला कुणी सांगितला हा शहाणपणा?"

"आमच्याकडं माना टाकल्या की मरत्यात," ती म्हणली.

मी तिला बांधाशी ओढत नेलं. गोदूबाईच्या खाचरातलं एक झाड मी उपटलं. म्हणजे उपटायला गेले, तर ते निघंना. विळ्यानं माती उकरत गेले, हातभर गेले, तरी मूळ आपलं खालीच चाललेलं, सरळ, ओलीच्या मागं. मग माझ्या खाचरातलं एक धरलं. नुसतं उचललं तर हातात आलं. वर एवढा मोठा पसारा आणि खाली झिपऱ्यांसारखी मुळं, सगळी वरच्या वर पसरलेली.

"बघ," मी म्हटलं. "याला तू वरनं आयतं दिलंस. मग हे खाली कशाला जाईल? पोट भरलेलं झाड हाय हे. बी कोण धरतं? ज्याला वाटतं आपलं आता खरं नाय, मागं काहीतरी ठेवून जावं, ते धरतं. याला काय पडलीय? खातंय आणि पानं काढतंय. अति तिथं माती झाली बाई माझ्या वालांची."

आणि मग मी तिला सांगितलं, की हे बी कुणाचं हाय, आणि घरात दुसरं नाय. आधी सांगितलं नवतं. तिचा चेहरा असा उतरला की मी पुढचं बोलायचं गिळलं. ते गिळायला मला काय पडलं ते माझं मला माहीत.

तोडगा मात्र सापडंना. पाणी चालू ठेवावं तर फूल येणार नाय. बंद करावं तर असल्या उथळ मुळांवर एवढा पाला जगणार कसा? गावात दोघातिघांना विचारलं. एक म्हणला बकरी सोड, एक म्हणला नांगर फिरव आणि विसर. नामाचे बाप गोठ्यात बैलाला खरारा करत होते. त्यांना म्हटलं, तुमच्या कौलांपायी ही वेळ आली, आता सांगा. ते बैलाकडं बघत म्हणले, "याला जसं हळूहळू खायला शिकवलं, तसं त्यांना हळूहळू उपाशी राहायला शिकव."

जन्मात एक शहाणं वाक्य बोलले असतील तर ते हे.

शेंडे खुडायचं ठरलं. पाला कमी म्हणजे मुळावरचा भार कमी. ते काम मी सुंदरालाच लावलं. तिनं एकेक शेंडा असा खुडला की जणू स्वतःची बोटं मोडतेय. टोपल्या भरभरून पाला निघाला, तो तिच्या गावच्या बैलानं डोळे मिटून खाल्ला. पाणी आधी एक दिवसाआड केलं, मग चार दिवसांनी, मग बंद. मी तिला बजावून सांगितलं, "आता या खाचराकडं कळशी घेऊन फिरकलीस तर माझ्याशी गाठ हाय."

ती म्हणली, "न्हाई फिरकणार."

त्यानंतर उन्हाचा एक ताव आला. माघात येतो कधीकधी तसा, कोरडा वारा घाटावरनं सुटतो आणि दंव पडत नाय. पहिल्या दिवशी वालांनी दुपारी माना टाकल्या, सांजेला उचलल्या. दुसऱ्या दिवशी सांजेला अर्ध्याच उचलल्या. तिसऱ्या दिवशी दिवस कलला तरी सगळं खाचर जमिनीला लोळलेलं. पानं कागदासारखी. मी बांधावर उभी राहिले. आई पुन्हा मरतेय असं वाटलं मला. एवढी शहाणपणाची भाषणं केली होती मी, मुळं काय आणि ओल काय. ती सगळी पार विसरले. घरी गेले, कळशी उचलली, ओढ्यावर भरली, आणि पदर खोचून खाचराकडं निघाले. एकच कळशी. एकदाच. एवढ्यानं काय होतंय, असं स्वतःला म्हणत.

बांधावर सुंदरा बसली होती.

गुडघे पोटाशी घेऊन, हात रिकामे. मला बघून उठली आणि वाटंत उभी राहिली.

"आत्याबाई, पाणी नगं."

"बाजूला हो."

"नगं. ठेवा ती कळशी."

सून झाल्यापासून तिनं मला पहिल्यांदा नाय म्हटलं होतं. मी म्हटलं, "मरतायत ती. तुला दिसत नाय?"

"दिसतंय. दुपारपासनं बघतीया." तिनं माझा हात धरला आणि मला खाली बसवलं. एका झाडाच्या बुंध्याशी तिनं माती उकरलेली होती, कोपरापर्यंत हात जाईल एवढी. "हात घाला."

मी हात घातला. खाली माती गार होती. ओली होती.

"आमच्याकडं खाली कातळ हाय," ती म्हणली. "तिथं वरनं घातलं तरच जगतं. इथं खाली हाय की समदं. त्यास्नी अजून ठावं न्हाई एवढंच. आता तुमी पाणी दिलं तर ती पुन्यांदा वरच बघत बसत्याल."

मी हात तसाच मातीत ठेवला.

ती वालांकडंच बघत होती. मग म्हणली, "मी निघाले तवा आईनं मला मिठी मारली न्हाई. रडली बी न्हाई. पाठ वळवून म्हणली, जा, तिकडं भात हाय. मला लई राग आला, आत्याबाई. बैल इकला आन् मला बी इकलं असं वाटलं. एवढी जड झाले का मी घराला? म्हणून जेवत न्हवते मी. दुसरं काय न्हाई. म्हटलं, तिनं धाडलं ना भात खायाला, मग न्हाईच खाणार."

"आणि आता?"

"आता दुपारपासनं इथं बसलीया. तीनदा उठले पाणी आणायला, तीनदा खाली बसले. आई बी आशीच बसली आसंल, पाठ करून. तोंड वळवलं आसतं तर मला जाऊ दिलं नसतं तिनं."

मला रडू फुटलं. लाज नाय वाटत सांगायला, सुनेच्या देखत ढसाढसा रडले मी. माझी आई आठवली, तिची आई डोळ्यांपुढं आली, खडी फोडणारी, आणि ही एवढीशी पोर, जिला मी तीन महिने अन्नाची माजोरी म्हणत होते मनातल्या मनात. ती माझ्या पाठीवरनं हात फिरवत राहिली. मग म्हणली, "पाणी प्या तुमी थोडं," आणि कळशी माझ्या तोंडाशी धरली. मी प्याले, ती प्याली. अंधार पडायच्या आत आमी घरी आलो.

वालांचं म्हणाल तर सगळे वाचले नायत. निम्म्याहून जास्त गेले. जे राहिले त्यांची खालची पानं गळली, बुंधे काटकुळे झाले, गोदूबाईच्या वालांपेक्षाही दरिद्री दिसायला लागले. पण त्यांनी मान उचलली ती आतल्या जोरावर. आणि एके सकाळी सुंदरा धावत आली, "आत्याबाई, चला," एवढंच म्हणली. कळ्या होत्या. एकेका झाडाला दोनतीन तुरे.

मग मी त्या खाचराची राखण केली ती विचारू नका. पोपट आले, दगड मारले. गुरं आली, गुराख्याला शिव्या घातल्या. शेंगा भरायला लागल्या तशी गावात जिकडंतिकडं पोपटी लावायचे बेत सुरू झाले. मडक्यात शेंगा, वर भांबुर्ड्याचा पाला, भोवती जाळ, माहीतच हाय. नामा म्हणला, "आई, चार शेंगा आपल्या खाचरातल्या दे ना, त्यांची चव येगळी." मी म्हटलं, "चारच काय, एक शेंग मिळायची नाय. बी हाय ते. एक शेंग म्हणजे पुढच्या वरसाची चार झाडं." पोटच्या पोराला नाय म्हटलं. नामाचे बाप तर तिकडं फिरकलेच नायत, कौलं त्यांच्या डोक्यावर अजून होती.

सुंदरा तशीच. त्या दिवसानंतर घास वाढले होते तिचे, नाय असं नाय. वाढलेलं ताट संपवायची. पण मागून कधी घेतलं नाय. वाढपी विसरला तर तशीच उठंल अशी.

एक दिवस आमी दोघी खाचरात होतो. पहिल्या शेंगा पिवळ्या पडायला लागल्या होत्या, त्या कुठल्या आधी काढायच्या ते मी तिला दाखवत होते. बांधावर गोदूबाईनं पाचोळा पेटवला होता, त्याचा विस्तव उरला होता. सुंदरा एका शेंगेवर बोट ठेवून उभी राहिली. हिरवी होती अजून, दाणे टच्च भरलेले, बाहेरनं मोजता येतील असे.

"आत्याबाई," ती म्हणली, "यातली एक भाजून खाऊ?"

जन्मभर लोकांनी माझ्याकडं मागितलं, सासऱ्यानं, नवऱ्यानं, पोरानं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी, आणि मी देतादेता करवादत आले. कुणाचं मागणं मला असं गोड कधी वाटलं नवतं. मी झाडावरची सगळ्यात भरलेली शेंग तोडली आणि तिच्या हातात दिली.

तिनं ती विस्तवात टाकली, काडीनं फिरवली, फुंकर मारून सोलली. दाणा तोंडात टाकला आणि तोंड वाकडं केलं.

"कडू हाय."

"कडूच असतो तो."

तिनं दुसरा टाकला. मग तिसरा. बोटं चाटली. सालात काही राहिलंय का बघितलं.

"घरी भात हाय का वं?" ती म्हणली. "मला भूक लागलीया."

भात होता. मी विळा तिथंच टाकला आणि तिला घेऊन घरी निघाले.